वाटणी झाली, मोजणी राहिली: तोर्देसियासचा करार सोप्या भाषेत

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सअॅपवर एक नकाशा फिरत असतो. अटलांटिक महासागरातून वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ, तिच्या डावीकडे स्पेन, उजवीकडे पोर्तुगाल आणि खाली लिहिलेलं ‘तोर्देसियासचा करार, 1494’. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज का बोलतात आणि गोव्यात स्पॅनिश का आले नाहीत, याचं उत्तर म्हणून हा नकाशा दाखवला जातो. उत्तर अर्धंमुर्धं बरोबर आहे. नकाशा मात्र फसवा आहे, कारण इतकी ठाम रेघ त्या काळी कुणालाच ओढता आली नसती. करारावर सह्या करणाऱ्यांनाही नाही.

गाव कुठलं, आणि तिथेच का?

तोर्देसियास हे स्पेनच्या वायव्येकडच्या पठारावरचं साधारण नऊ हजार वस्तीचं गाव. दुएरो नदीच्या उत्तर काठावर, वायादोलिदपासून सुमारे 30 किलोमीटरवर. हीच नदी पुढे पोर्तुगालमध्ये शिरते आणि पोर्तो शहरापाशी समुद्राला मिळते. एवढ्याशा गावात जगाची वाटणी व्हावी याचं आज नवल वाटतं, पण तेव्हा ते तितकंसं आडवळणी नव्हतं. ‘स्पेन’ नावाचं एकसंध राज्य अजून व्हायचं होतं. कास्तीलची राणी इसाबेल आणि तिचा नवरा, आरागॉनचा राजा फेर्नान्दो, यांना कायमची राजधानी नव्हती. दरबार गावोगाव फिरायचा. नदीवरचा पूल, राजघराण्याचा वाडा आणि दक्षिणेला जवळच मेदिना देल काम्पोची मोठी व्यापारी जत्रा, एवढं असलं की मुक्कामाला जागा चांगली.

भांडण कशावरून लागलं?

पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होते. कास्तीलशी त्यांचं एक युद्ध झालं आणि 1479 मध्ये अल्कासोवासचा तह झाला. कॅनरी बेटं कास्तीलची, त्यांच्या दक्षिणेचा समुद्र आणि आफ्रिकेचा किनारा पोर्तुगालचा. म्हणजे पहिली वाटणी आडवी होती, उत्तर आणि दक्षिण अशी.

मग मार्च 1493 मध्ये कोलंबस परत आला. वादळामुळे तो आधी पोहोचला लिस्बनला. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याने त्याची हकिगत ऐकली आणि सांगून टाकलं की 1479 च्या तहाप्रमाणे ही बेटं माझी. कॅनरी बेटांच्या दक्षिणेला सापडलेली जमीन, तेव्हा कागदावर त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

फेर्नान्दो आणि इसाबेल पोपकडे गेले. पोप सहावा अलेक्झांडर मूळचा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाकडचा बोर्जा घराण्यातला, त्यामुळे दार ओळखीचं होतं. मे 1493 च्या फर्मानात त्याने उभी रेघ आणली. अटलांटिकमधल्या अझोर्स आणि केप व्हर्डे या पोर्तुगालच्या बेटांच्या पश्चिमेला 100 लीगवर. लीग म्हणजे अंतर मोजायचं जुनं माप, साधारण 6 किलोमीटर. त्या रेघेपलीकडचं सगळं कास्तीलला. या फर्मानात एक ढोबळ चूक होती. अझोर्स बेटं केप व्हर्डेपेक्षा कितीतरी पश्चिमेला पसरलेली आहेत, म्हणजे दोन्हींपासून 100 लीगवरची रेघ एकच असणं शक्य नाही. फर्मान लिहिणाऱ्यांना याची फिकीर नव्हती.

‘पोपने जग वाटलं’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं. पोपची रेघ जुआंवला मान्य झाली नाही, आणि तो पोपशी वाद घालत बसला नाही. त्याने शेजाऱ्यांशी थेट बोलणी लावली.

100 चे 370 कसे झाले?

याचं उत्तर वाऱ्यात आहे. शिडाच्या जहाजाने युरोपातून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जायचं तर किनारा धरून जाणं सगळ्यात वाईट. गिनीच्या आखातात वारा पडतो आणि त्यापुढे दक्षिणेकडून येणारे वारे नि प्रवाह जहाजाच्या तोंडावर येतात. म्हणून खलाशी केप व्हर्डे सोडल्यावर नैर्ऋत्येला खोल समुद्रात घुसत, मोठा वळसा घेत आणि खाली गेल्यावर पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी घेऊन पूर्वेला वळत. बार्तोलोमेव दियाश 1488 मध्ये आफ्रिकेला वळसा घालून आलेला होता, त्यामुळे भारताची वाट कुठून जाणार याचा जुआंवला अंदाज होता.

आता 100 लीग म्हणजे जेमतेम 600 किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात हा वळसा बसत नाही. भारताकडे निघालेलं पोर्तुगीज जहाज दर फेरीला कास्तीलच्या हद्दीत शिरलं असतं. जुआंवला रेघ पश्चिमेला सरकवून हवी होती ती या मोकळ्या पाण्यासाठी. कास्तीलला वाटत होतं की कोलंबसने आशिया गाठलाच आहे, तेव्हा मधल्या रिकाम्या समुद्रात 270 लीग सोडले तर आपलं काय जातंय? सौदा पटला.

करारात नेमकं काय होतं?

सह्या झाल्या 7 जून 1494 रोजी. त्या दिवशी खरं तर दोन करार झाले. दुसरा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचा आणि मोरोक्कोकडच्या हद्दीचा, तो आज कुणाला आठवत नाही. कास्तीलने 2 जुलैला अरेवालो इथे मंजुरी दिली, पोर्तुगालने 5 सप्टेंबरला सेतुबाल इथे.

मुख्य कलम सोपं आहे. केप व्हर्डे बेटांच्या पश्चिमेला 370 लीगवर, एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत रेघ. तिच्या पूर्वेला सापडेल ते पोर्तुगालचं, पश्चिमेला सापडेल ते कास्तीलचं. कास्तीलच्या जहाजांना पश्चिमेकडे जाताना पोर्तुगीज पाणी ओलांडावंच लागणार, तेव्हा त्यांना वाट मिळेल, पण सरळ जायचं, मध्ये शोध घेत फिरायचं नाही. कोलंबस त्या वेळी दुसऱ्या सफरीवर होता आणि त्याला काय सापडलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आणखी एक कलम घातलं. 20 जूनपर्यंत कास्तीलच्या लोकांना 250 ते 370 लीगांच्या पट्ट्यात काही सापडलं असेल तर ते कास्तीलचं. हे कलम लिहिणारा माणूस पक्का वकील असणार.

आणि शेवटी, या करारातून मोकळं करा म्हणून दोघांपैकी कुणीही पोपकडे जायचं नाही, अशी शपथ. पोपला तंटा सोडवायला बोलावलं होतं, आता त्यालाच दाराबाहेर ठेवलं. पुढे 1506 मध्ये पोप दुसरा जूलियस याने या करारावर मान्यतेची मोहोर उठवली, पण तोवर मामला मिटलेला होता.

रेघ सापडत का नव्हती?

इथे खरी मेख आहे. दोन भावांनी शेताचं वाटणीपत्र केलं, सह्या ठोकल्या, पण मोजणीच आणली नाही आणि हद्दीचे दगडही रोवले नाहीत, तर जे होतं तेच इथे झालं.

करारात मोजणीची पद्धत दिली होती. दहा महिन्यांच्या आत दोन्ही बाजूंची सारख्या संख्येने जहाजं ग्रान कनारिया बेटावर जमतील. जहाजांवर सुकाणूतज्ज्ञ, खगोल जाणणारे आणि खलाशी असतील. काही कास्तीलची माणसं पोर्तुगीज जहाजावर, काही पोर्तुगीज माणसं कास्तीलच्या जहाजावर, म्हणजे फसवाफसवी नको. सगळे मिळून केप व्हर्डेला जातील, तिथून सरळ पश्चिमेला 370 लीग मोजतील आणि रेघ कुठे जमिनीला लागली तर तिथे खूण किंवा बुरूज उभारतील. 1495 मध्ये दोघांनी ही सफर पुढे ढकलली. ती कधीच निघाली नाही.

निघाली असती तरी जमलं नसतं, याला तीन कारणं.

पहिलं कारण रेखांश. उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत हे तेव्हाही कळायचं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. पूर्व-पश्चिमेसाठी असा तारा नाही. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे दर 4 मिनिटांना 1 अंश. निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले आणि जहाजावर किती वाजले यातला फरक कळला की रेखांश कळतो. पण त्यासाठी आठवडेच्या आठवडे समुद्रावर हेलकावे खाऊनही न चुकणारं घड्याळ लागतं. तसं घड्याळ इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने बनवलं आणि त्याची समुद्रावर चाचणी झाली 1760 च्या दशकात, करारानंतर पावणेतीनशे वर्षांनी. 1494 मध्ये जहाजावर असायचं ते अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ. ते दर वेळी पोऱ्याने उलटं करायचं. त्याला डुलकी लागली की वेळ गेली.

उरला अंदाज. फेसाकडे बघून वेग ठरवायचा, होकायंत्रावरून दिशा, आणि दोन्हींचा गुणाकार. हिशोब करून बघा. 370 लीग म्हणजे जवळपास 2,200 किलोमीटर. ताशी 7 किलोमीटरने गेलं तर 13 दिवस. वेगाच्या अंदाजात दहा टक्के चूक, म्हणजे तेव्हाच्या मानाने मामुली, तरी रेघ 220 किलोमीटरने सरकते. वर समुद्राचा प्रवाह जहाजाला गुपचूप ढकलत असतो तो वेगळाच.

दुसरं कारण, कुठल्या बेटापासून मोजायचं ते लिहिलंच नाही. केप व्हर्डेचं पश्चिमेचं टोक सांतो आंताव बेटावर, पूर्वेला साल आणि बोआ व्हिस्ता. यांच्यात अडीच अंशांचा फरक आहे, अडीचशे किलोमीटरांहून जास्त.

तिसरं कारण खुद्द लीग. पृथ्वीच्या एका अंशात किती लीग बसतात यावर एकमत नव्हतं. कुणी 16⅔ धरायचं, कुणी 17½. केप व्हर्डेच्या अक्षांशावर 370 लीग म्हणजे पहिल्या हिशोबाने 23 अंशांच्या किंचित वर आणि दुसऱ्या हिशोबाने 22 अंशांच्या आसपास. आणखी शंभरेक किलोमीटर गेले.

नकाशांवर आज रेघ साधारण 46½ अंश पश्चिम रेखांशावर दाखवतात. तो नंतरच्यांनी केलेला हिशोब आहे. त्या काळच्या माणसासाठी ती रेघ नव्हती, चारपाचशे किलोमीटर रुंदीचा धूसर पट्टा होता.

मग ब्राझील आधीच ठाऊक होतं का?

हा संशय जुना आहे. पेद्रो आल्व्हारेस काब्राल 13 जहाजं घेऊन भारताकडे निघाला, वाऱ्यासाठी पश्चिमेला वळला आणि 22 एप्रिल 1500 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तो नंतर कालिकतलाही पोहोचला. रेघ सरकवून घेतली आणि सहाच वर्षांत तिच्या आत जमीन निघाली, हे जरा जास्तच सोयीचं वाटतं खरं. पण 1494 पूर्वी पोर्तुगीजांना ती जमीन माहीत होती असा पुरावा नाही, आणि वळशाचं कारण स्वतःच पुरेसं आहे. बाकी आजचा ब्राझील रेघेच्या पश्चिमेलाही दूरवर पसरलेला आहे. तो करारामुळे नव्हे, तर रेघ मोडून आत घुसलेल्यांमुळे.

पृथ्वी गोल आहे, मग मागची रेघ कुठे?

करारात मागच्या बाजूचा उल्लेखच नाही. प्रश्न उठला तो मॅगेलनच्या सफरीतलं जहाज 1522 मध्ये पृथ्वीला फेरी मारून परतल्यावर. लवंग आणि जायफळ पिकवणारी मोलुकास बेटं, आजच्या इंडोनेशियातली, कुणाच्या अर्ध्यात? 1524 मध्ये बादाहोस आणि एल्वास या सीमेवरच्या दोन गावांत तज्ज्ञ बसले. मागची रेघ पुढच्या रेघेच्या बरोबर 180 अंशांवर, त्यामुळे पुढची जितकी पश्चिमेला, तितकी मागचीही पश्चिमेला आणि मोलुकास कास्तीलच्या पदरात पडायची शक्यता जास्त. म्हणून कास्तीलवाले म्हणाले, सांतो आंतावपासून मोजा. पोर्तुगीज म्हणाले, साल आणि बोआ व्हिस्तापासून. तीस वर्षांपूर्वी रेघ पश्चिमेला ढकला म्हणणारे आता तीच पूर्वेला ओढत होते. बैठक निष्फळ ठरली.

आज मोजलं तर मोलुकास सुमारे 127 अंश पूर्वेला आणि मागची रेघ 133½ अंशांवर. बेटं पोर्तुगालच्याच वाट्यात, सहा अंश आत. पण तेव्हा ते सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून तोडगा निघाला पैशांनी आणि सोयरिकीने. कास्तीलच्या पाचव्या कार्लोसची बहीण कातालिना पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंवला दिली आणि जुआंवची बहीण इसाबेल कार्लोसने केली. सरळ साटंलोटं. मग 1529 मध्ये सारागोसाच्या तहात कार्लोसने मोलुकासवरचा दावा 3,50,000 दुकातांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, मेव्हण्याला विकला. नवी रेघ ठरली मोलुकासच्या पूर्वेला 297½ लीगवर. हा विचित्र आकडा कुठून आला ते आता कळेल: 17 अंश, प्रत्येकी 17½ लीग.

एवढं करून स्पेनने 1565 पासून फिलिपिन्समध्ये बस्तान बसवलं. ती बेटं दोन्ही करारांप्रमाणे पोर्तुगालच्या बाजूला येतात. 1750 च्या माद्रिदच्या तहात अखेर जुन्या रेघा बाजूला ठेवल्या आणि तत्त्व आलं वहिवाटीचं, ज्याच्या ताब्यात त्याचं. पोर्तुगालला ब्राझीलचा आतला मुलूख, स्पेनला फिलिपिन्स.

पण यांना हक्क दिला कुणी?

कुणीच नाही. ज्यांच्या जमिनीवरून रेघ गेली त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. युरोपातही इतरांनी मान्य केलं नाही. आदमच्या मृत्युपत्रात मला वगळल्याचं कलम दाखवा, असं फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सवा म्हणाल्याची आख्यायिका आहे. इंग्रज आणि डच तर रेघेकडे बघायलाही थांबले नाहीत.

मग गोवा पोर्तुगीजांना या कराराने मिळाला का? नाही. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने तो आदिलशाहीकडून तोफांच्या बळावर घेतला. वसई 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने मिळाली. तोर्देसियासने झालं इतकंच की या किनाऱ्यावर कास्तीलची जहाजं स्पर्धेला आली नाहीत. आणि 1580 ते 1640 या साठ वर्षांत पोर्तुगालचं तख्तच स्पेनच्या राजाकडे होतं. गोवा, चौल, वसई यांच्यावर नाव त्याचंच, फक्त कारभार पोर्तुगीज ठेवलेला.

गावाला स्वतःला आठवते ती हुआना

तोर्देसियासमध्ये करारापेक्षा जास्त बोललं जातं फेर्नान्दो-इसाबेलच्या मुलीबद्दल. हुआना कास्तीलची रीतसर राणी. नवरा फिलिप 1506 मध्ये अचानक वारला आणि ‘ती वेडी आहे’ असं ठरवून 1509 मध्ये बापाने तिला तोर्देसियासच्या वाड्यात ठेवलं. बापानंतर मुलाने, म्हणजे त्याच पाचव्या कार्लोसने, तिला तिथेच ठेवलं. 12 एप्रिल 1555 ला ती वारली, 46 वर्षांनी. या सगळ्या काळात राणी म्हणून सरकारी कागदांवर तिचं नाव येतच होतं. वेड किती आणि सोय किती, यावर इतिहासकार भांडतात. सोयीचा वाटा मोठा होता, असं त्या कागदांवरून तरी दिसतं.

1520 मध्ये कार्लोसविरुद्ध कास्तीलच्या शहरांनी बंड केलं. बंडवाले ऑगस्टअखेर तोर्देसियासमध्ये शिरले, राणीला भेटले आणि आपली सभा तिथेच भरवली. त्यांना हवी होती तिची एक सही. ती मिळाली असती तर मुलाचं राज्य डळमळलं असतं. तिने केली नाही. 5 डिसेंबरला राजाच्या फौजेने गाव परत घेतलं.

साटंलोट्यातली कातालिना हीच हुआनाची धाकटी मुलगी. लग्न होऊन जाईपर्यंत, 1525 पर्यंत, ती आईबरोबर त्याच वाड्यात वाढली. नवऱ्यामागे 1557 ते 1562 अशी पाच वर्षं नातवाच्या नावाने पोर्तुगालचा कारभार तिने पाहिला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं 1560 मध्ये, तिच्याच कारकिर्दीत.

आज गावात काय बघायचं?

हुआनाचा वाडा शोधू नका. मोडकळीला आला म्हणून तो अठराव्या शतकात पाडला. नदीकाठी सान आंतोलिनचं चर्च आहे, आता संग्रहालय. त्याच्या बुरुजावरून दुएरो आणि खालचा जुना कमानीचा पूल दिसतो. त्याला लागूनच ‘कासास देल त्रातादो’, म्हणजे कराराची घरं, शेजारी शेजारी दोन जुने वाडे. वाटाघाटी इथे झाल्या असं परंपरा सांगते. आत पर्यटन कार्यालय आणि करारावरचं प्रदर्शन आहे. जुने नकाशे नीट बघा, रेघ प्रत्येकात थोडी सरकलेली सापडेल.

वेळ कमी असेल तर बाकी सोडा आणि सांता क्लारा मठात जा. चौदाव्या शतकात आल्फोन्सो अकरावा याने हा राजवाडा म्हणून बांधायला घेतला, 1363 मध्ये त्याचा जोगिणींचा मठ झाला. कारागिरी मुदेहार, म्हणजे ख्रिस्ती राजांच्या पदरी काम करणाऱ्या मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतली: गच-नक्षी, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, अरबी पद्धतीचं स्नानगृह, आणि चर्चच्या वेदीवरचं सोनेरी लाकडी छत. हुआनाच्या नवऱ्याची शवपेटी ग्रानादाला नेईपर्यंत याच मठात होती. मठ वाटाड्याबरोबर बघायचा असतो. सोमवारी तो बंद असतो आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी गावातलं बरंच काही बंद असतं, तेव्हा सकाळीच पोहोचलेलं बरं. रेल्वेने वायादोलिद किंवा मेदिना देल काम्पोपर्यंत येऊन पुढे रस्त्याने जाता येतं.

सप्टेंबरमध्ये इथला ‘तोरो दे ला वेगा’ हा बैलाच्या पाठलागाचा उत्सव असतो. भाल्यांनी बैल मारण्यावरून त्यावर अनेक वर्षं वाद झाला आणि 2016 मध्ये प्रांतिक सरकारने असं जाहीरपणे मारण्यावर बंदी घातली. कराराची मूळ कागदपत्रं मात्र गावात नाहीत. ती लिस्बनच्या तोर्रे दो तोम्बो आणि सेव्हिलच्या इंडीज दफ्तरखान्यात आहेत, आणि 2007 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर त्यांची नोंद आहे.